तबकडीवरची बारीक रेघ

ते घड्याळ आमच्या कारखान्यात आलं तेव्हा ते काय आहे हे कोणालाच सांगता येईना. शेटचे एक ख्रिस्ती मित्र बोटीवर नोकरीला होते. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचे आणि येताना परदेशातल्या जुन्या बाजारातून काहीबाही उचलून आणायचे. त्यांनीच हेही आणलं. जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, तिला कुलूप, आत चावीचं घड्याळ, आणि काट्यांच्या जागी मेण चढवलेल्या कागदाची गोल तबकडी. तबकडीवर एक सुई टेकलेली. पेटी ट्रकच्या केबिनमध्ये स्क्रूने बसवायची. ट्रक चालू लागला की हादऱ्यांनी सुई हलते आणि तबकडीवर जाड पट्टा उमटतो. ट्रक उभा राहिला की उमटते फक्त बारीक रेघ. ट्रक किती वाजता चालला, किती वाजता थांबला, किती मिनिटं थांबला, सगळं त्या कागदावर. खोटं बोलायची सोयच नाही.

"सोयच नाही" हे माझं त्या काळातलं आवडतं वाक्य. एकवीस वर्षांची होते, सावंतवाडीला राहून बी.कॉम. झाले होते, आणि अंगात शहाणपणाला भरती आली होती. ओहोटी कशी लागली तेच सांगते आहे.

कारखाना काजूचा. मालवणहून कसालला जाणाऱ्या रस्त्यावर. बी भाजायची, बायकांनी फोडायची, गर सोलून निवडून पत्र्याच्या डब्यांत भरायचा, आणि डबे ट्रकने फोंडाघाटातून कोल्हापूरला. ट्रक एकच, शेटचा स्वतःचा, आणि तो पंधरा-सोळा वर्षं एकाच माणसाच्या हातात. मी त्यांना काका म्हणायची, कारण ते आमच्याच वाडीतले, आमच्या घरापासून चौथं घर. मला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती. "आमच्या वाडयेतला चेडू आसा, हिशोबात पक्क्या," असं त्यांनी शेटना सांगितलं आणि शेटनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. काकांसोबत क्लीनर म्हणून त्यांचे मेव्हणे असायचे, काकीचे धाकटे भाऊ. धाकटे म्हणजे तेही चाळिशी उलटलेले, अंगाने काटक, तोंडाने फाटके.

आमच्या ट्रकमधून तोवर एक डबा कधी गेला नव्हता. गेला होता तो दुसऱ्या एका कारखान्याचा माल, अर्धा ट्रक, आणि त्यात ड्रायव्हरच सामील निघाला. ठरलेल्या जागी गाडी उभी करायची, माल उतरवून द्यायचा आणि पुढे जाऊन बोंब मारायची. हे ऐकल्यापासून शेटची झोप उडाली. "गाडी थांबली तर माल उतरतलो. थांबलीच नाय तर कसो उतरतलो?" असा त्यांचा साधा सरळ हिशोब. मलाही तो पटला. खोटं कशाला बोलू.

पेटीची चावी माझ्याकडे आली. मी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, एखाद्या सरदाराच्या ऐटीत. सकाळी अकराला डबे मोजून चढवायचे, नवी तबकडी घालायची, पेटीला कुलूप. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ट्रक परत आला की तबकडी काढायची आणि टेबलावर ठेवून भिंगाने वाचायची. कसाल किती वाजता, कणकवली किती वाजता, घाटाचा पायथा, घाटमाथा, राधानगरी. शेजारी माझी वही.

पहिल्या दोन-तीन तबकड्यांवर चार बारीक रेघा होत्या. एक कसालची, चहाची. दुसरी घाटाच्या पायथ्याला, बारा मिनिटं. तिसरी अर्ध्या घाटात, चौथी माथ्यावर. शेटनी बोट ठेवलं ते घाटातल्या तीन रेघांवर.

"विचार तेंका, बारा मिनटा करतत काय?"

मी विचारलं. कसं विचारलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. काका दारात उभे, मागे बी फोडणाऱ्या बायका पाटावर बसलेल्या, त्यांचे हात थांबलेले. मी खुर्चीतून न उठता म्हटलं, "काकानू, घाटाखाली बारा मिनटा काय करीत होतास?"

काका हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. "दोर आवळतंय गो बाय. कसालपासून गाडी आदळत जाता, माल बसता, ताडपत्रेचो दोर सैल पडता."

"आणि अर्ध्या घाटात?"

"थयसर पण बघूचो लागता."

मी वहीत लिहिलं, "कारण: दोर." शेट वाचून हसले. बारा मिनिटं दोर आवळायला हे काय जहाजाचं शीड आहे काय, म्हणाले. मग नियम झाला. चहाची एक रेघ माफ. बाकी जिथे रेघ दिसेल तिथे मी लाल पेन्सिलीने गोल करायचा आणि तबकडी ऑफिसच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची, म्हणजे येताजाता सगळ्यांना दिसेल. ही खिळ्याची कल्पना शेटची नव्हती. ती माझी.

दोन आठवडे लाल गोल लटकले. बायका काकांना चिडवायला लागल्या, "काय हो, आज किती कुंकवा लागली?" तिसऱ्या आठवड्यापासून तबकड्या स्वच्छ येऊ लागल्या. कसालची एक रेघ आणि पुढे सलग जाड पट्टा, थेट कोल्हापूरपर्यंत. मला इतका आनंद झाला की मी ती पहिली स्वच्छ तबकडी घरी नेऊन आईला दाखवली. आईने ती उलटसुलट केली, म्हणाली, "ह्यात बघूचा काय?" आणि भाताकडे वळली.

चतुर्थीच्या आधी कोल्हापूरची मागणी वाढते. त्या आठवड्यात खेप मोठी होती. डबे मी स्वतः मोजून चढवले. दुसऱ्या दिवशी ट्रक दहाच्या आधीच परत आला. काका खाली उतरले ते थेट ऑफिसात, आणि त्यांनी खिशातून कोल्हापूरच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी काढून शेटसमोर ठेवली. नऊ डबे कमी.

शेटनी चिठ्ठी वाचली. मला म्हणाले, "तबकडी हाड."

मी पेटी उघडली, तबकडी आणली. कसालची रेघ. पुढे सलग पट्टा. एक खंड नाही. इतकी सुंदर तबकडी त्या दिवशी मला नको होती.

"नऊ डबे," शेट म्हणाले. "कागद म्हणता गाडी थांबूक नाय. मगे डबे काय उडान गेले?"

"शेटनू, मागसून ताडपत्रेचो दोर कापललो हा. येवन बघा."

"दोर कापूक कोयतो तुज्याकडेय आसा." शेट तबकडी उजेडात धरून म्हणाले, "माका कळता रे सगळा. हादऱ्यान सुई हलता मा? मगे गाडी उभी करून एकान डबे उतरवले आणि दुसऱ्यान ही पेटी हातान हलवत ठेवली. पट्टो बरोब्बर इलो. नायतर पेटीच उघडली आसतली." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चावी कोणाकडे आसता?"

शेट पुढे जे बोलले नाहीत ते मला ऐकू आलं. तू त्याच वाडीतली. तुला त्यानेच चिकटवली.

"चावी माझ्याकडेच असते," मी म्हटलं. "मी कोणालाही दिलेली नाही. पेटीशी काही केलं असेल तर ते गाडीतल्या माणसांनीच केलं असेल."

हे मी मालवणीत बोलले नाही. कलेक्टर कचेरीत ओरोसला गेल्यावर बोलतो तसल्या मराठीत बोलले, एकेक शब्द धुऊन पुसून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसावा आणि जवळ गेल्यावर तो दुसराच निघावा, तसं पाहिलं. मग शेटना म्हणाले, "देवळात कौल लावया. देव जा सांगात ता माका मान्य."

शेट देवळाचे मानकरी. पण मग तबकडीवर टिचकी मारून म्हणाले, "देवाक कित्या तरास? हयसर कागद आसा." आणि एका कामगाराला सायकल देऊन चौकीवर पाठवलं. तो तासाभराने परत आला तो निरोप घेऊन, हवालदार चार वाजता येतील. काकांनी ट्रकची किल्ली शेटच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर शेडमध्ये जाऊन बाकड्यावर बसले.

चार वाजता काय होणार हे मालवणातल्या पोराला विचारलं तरी त्याने सांगितलं असतं. हवालदार काकांना आणि मेव्हण्यांना जीपमध्ये घालून नेणार. दोघांना मारणार. उद्या सुटले तरी परवा बाजारात मासेवाली कोळीण सुद्धा टोपलीवर हात ठेवून बघणार. आमच्याकडे एकदा चोर म्हटलं की ते नाव घराला लागतं, पुढच्या पिढीतल्या सोयरिकीच्या वेळी पुन्हा निघतं. आणि कोण म्हणालं, तर मी म्हणाले.

दुपारचं जेवण मी उघडलंच नाही. साडेबाराला पेटी बघायच्या निमित्ताने शेडमध्ये गेले. ट्रकच्या मागे ताडपत्री लोंबत होती. दोराचं टोक हातात घेतलं. झिजून तुटलेला दोर पिंजारतो. हा एका घावात कापलेला होता, देठासारखा. मी तो हातात धरून उभी असताना मेव्हणे मागे येऊन थांबले.

"बघ, बघ. वशाड पडो तुज्या घड्याळार."

"मामानू, ह्या खंय झाला?"

"खंय म्हणजे? घाटात. दुसरीकडे खंय?" त्यांचा आवाज चढला. "आदी घाटाखाली गाडी थांबा. भावोजी दोर आवळीत आणि मी खाली उतरान दांडो घेवन गाडयेच्या मागसून चलत येय. चढणीक गाडी माणसाच्या चालीन चलता. मी मागे आसताना कोण चढतलो वर? अर्ध्या घाटात थांबान मी दम खाय, भावोजी दोर बघीत, आणि माथ्यार माका केबिनात घेयत. पंधरा वर्सा असाच चलला. आता तुका रेघ नको. थांबूचा नाय तर मी उतरू कसो आणि चढू कसो? बसलंय मी पण केबिनात, राजासारखो. काल घाटात धुक्यान हात दिसा नाय. मागे कोण चढलो, दोर कापलो, डबे खाली सोडले, आमका काय कळतला?"

"गप रव," बाकड्यावरून काका म्हणाले. "तिका कित्या सांगतंस?"

"मगे शेटक सांगा. सकाळी तोंडात काय मिठाची गुळणी धरलली?"

काका समोर अंगणात पडणाऱ्या पावसाकडे बघत राहिले. आणि मला एकदम कळलं की सकाळी शेटसमोर ते हे का बोलले नाहीत. बोलले असते तर पुढचा प्रश्न एकच होता. थांबू नको असं तुला कोणी सांगितलं? लाल पेन्सिल कोणाची? ज्या पोरीसाठी शब्द टाकला तिची नोकरी आपल्या तोंडाने घालवायची नाही, एवढं त्यांनी त्या अर्ध्या मिनिटात ठरवलं होतं. आणि त्याच अर्ध्या मिनिटात मी त्यांना चोर ठरवून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोर हातातून सोडता येईना.

तरी मी लगेच गेले नाही. हेही सांगून टाकते. ऑफिसात येऊन बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. शेटना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचा नियम चुकला. की पंधरा वर्षं जी राखण होती ती आपण दोघांनी मिळून मोडली, आणि चोरासाठी घाट मोकळा केला. शेट मला त्याच दिवशी घरी बसवणार. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं सावंतवाडीचं शिक्षण चाललं होतं. दोन वाजले. अडीच वाजले. शेट आतल्या खोलीत घोरत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फासाच्या दोराला तेल लावायचं काम माझ्याकडे होतं.

तीन वाजता मी खिळ्यावरच्या जुन्या तबकड्या काढल्या. लाल गोलवाल्या. एकेक कालच्या तबकडीशेजारी ठेवली आणि भिंग घेतलं. शेट म्हणतात तसं पेटी हाताने हलवून पट्टा काढता येतो, मान्य. पण घड्याळ काही हाताने मागे नेता येत नाही. नऊ डबे उतरवायला गाडी थांबली असती तर ती कोल्हापूरला उशिरा पोचली असती. मी व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. ते चिठ्ठीवर ट्रक पोचल्याची वेळ टाकतात, ती वेळ त्यांची, आमच्या पेटीची नव्हे. काल ट्रक त्या लाल गोलांच्या दिवसांपेक्षा अर्धा तास आधी पोचला होता. आणि जुन्या तबकड्यांवरच्या घाटातल्या तीन रेघा एकत्र केल्या की बरोबर तेवढाच अर्धा तास. गाडी कुठेच थांबली नव्हती. काकांनी माझं अक्षरशः ऐकलं होतं.

शेटना उठवलं तेव्हा फाटकाशी सायकलची घंटा वाजली. हवालदार वेळेआधीच आले होते, जीपही नव्हती. मी तबकड्या, चिठ्ठ्या आणि तो कापलेला दोर शेटच्या टेबलावर ठेवला आणि बोलायला लागले. मालवणीत. घाबरले की माझी मालवणीच बाहेर येते, सकाळी ती कुठे गेली होती देव जाणे.

"तू माका शिकवतंस?" शेट म्हणाले.

"शिकवक नाय शेटनू. चूक माजी आसा. दोर म्हणान काका सांगत होते, मी तेंका लाल गोल केलंय. थांबूची बंदी मी लावन घेतलंय. तेनीच चोराक वाट गावली. सकाळी पेटीबद्दल मी बोललंय ताय खोटा. माका काय म्हायती नसताना बोललंय."

शेटनी चिठ्ठ्या वाचल्या. एकदा, परत एकदा. बोटांवर मिनिटं मोजली. हवालदार दारात छत्री झटकत उभे होते. ते आत आले आणि म्हणाले, "कुठाय तुमचा ड्रायव्हर?"

मी भिंतीला टेकले. शेट चष्मा काढून म्हणाले, "ड्रायव्हर आमचो आसा. तेचा काय नाय. घाटात चोर चढले, ती तक्रार लिवन घ्या."

हवालदार चहा पिऊन गेल्यावर शेटनी काकांना बोलावलं. माफी मागणं शेटच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ट्रकची किल्ली टेबलावर पुढे सरकवली आणि म्हणाले, "उद्यापासून तुका व्हया थंय थांब."

काकांनी किल्ली उचलली नाही. ते माझ्याकडे वळले. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून स्वच्छ, शाळेतली मराठी ऐकली.

"मॅडम, थांबायची परवानगी लेखी द्या. तुमच्या सहीने."

मी लिहून दिली. "चालकाने घाटात आवश्यकतेनुसार वाहन थांबवून दोर तपासावेत व क्लीनरने वाहनामागे चालावे." खाली सही, तारीख, शिक्का. काकांनी कागदाची घडी लायसन्सच्या पाकिटात ठेवली, किल्ली उचलली आणि गेले. शेटनी मला कामावरून काढलं नाही. ते नऊ डबे मात्र कधीच सापडले नाहीत.

पुढे पेटी दोन वर्षं चालली, मग तिची स्प्रिंग तुटली आणि मालवणात कोणाला ती जोडता आली नाही. त्या दोन वर्षांत प्रत्येक तबकडीवर घाटात तीन बारीक रेघा असायच्या. मी आधी त्या बघायची. त्या दिसल्या की बरं वाटायचं. पुन्हा एकही डबा चोरीला गेला नाही.

पण काकांनी मला परत "गो बाय" म्हटलं नाही. "मॅडम, तबकडी." "मॅडम, चिठ्ठी." वाडीत, देवळात, लग्नात, कुठेही भेटले तरी "नमस्कार मॅडम." कुत्सितपणे नाही हो, अगदी रीतसर. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ते म्हणाले, "त्यात काय, होतं असं." दुसऱ्यांदा म्हणाले, "मला जरा काम आहे."

त्यांनी ट्रक सोडला त्याच्या पुढच्या चतुर्थीला मी त्यांच्याकडे गणपतीला गेले. लहानपणापासून जात होते तशी, मागच्या दाराने, चुलीपाशी काकी नारळ खवत बसलेली असते तिकडे. तिथे मी नेहमी जमिनीवरच बसायची, खोबरं तोंडात टाकत. काका पडवीतून डोकावले. मला बघितलं, आणि काकीला म्हणाले, "अगो, हापिसातल्या मॅडम इल्यात. तेंका खुर्ची हाड."

काकीने खरंच खुर्ची आणली. मी खुर्चीवर बसले.